टाकीखाली पुरेल एवढी बॅटरी

आमच्या घरात लाइट आहे, पण रेंज नाही. गावाच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी आहे, तिथे रेंज आहे, पण लाइट नाही. गावी राहायला आल्यापासून माझं सगळं काम या दोहोंच्या मधल्या चढणीवर अडकलं होतं आणि ते कसंबसं ओढून नेत होती माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी.

आधी आम्ही संगमनेरला होतो. नवरा तिथून जीप चालवायचा, मुलगी शाळेत जायची आणि मी घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायचे. काम साधं आहे. कोणाच्या तरी बैठकीचं, मुलाखतीचं नाहीतर भाषणाचं रेकॉर्डिंग कानाला लावायचं आणि शब्द न् शब्द टाइप करायचा. अट एकच, रेकॉर्डिंग आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं नाही. कंपनीच्या पानावरच ऐकायचं आणि तिथेच टाइप करायचं. म्हणजे काम चालू आहे तोवर इंटरनेट लागणारच. संगमनेरला याचा कधी विचारसुद्धा करावा लागला नाही. लॅपटॉप सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्लगला लावलेला असायचा, वर्षानुवर्षं. त्याला बॅटरी आहे हेच मी विसरून गेले होते.

मग सासूबाई पडल्या. गावाकडच्या घराच्या मागे धुण्याचा दगड आहे, तिथल्या शेवाळावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वॉकर घेऊन चालवा. पण आत्यांनी (सासूला आम्ही आत्या म्हणतो) त्या वॉकरला हात लावला नाही. पाय टेकला की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा पडले म्हंजी? आता न्हाई बाई व्हनार माज्याच्यानं." संगमनेरच्या दोन खोल्यांत राहायला त्या तयार नव्हत्या. शेवटी आम्हीच गावी आलो. मुलगी कॉलेजसाठी माझ्या आईकडे संगमनेरला राहिली. नवऱ्यानं जीप अकोले-राजूर बाजूला लावली.

अकोल्याच्या पश्चिमेकडची गावं पाहिलेल्या माणसाला आमचं गाव वेगळं वर्णन करून सांगायला नको. खाली भाताची खाचरं, वर डोंगर आणि मधे घरं. टाकी डोंगराच्या पहिल्या टप्प्यावर आहे. चार सिमेंटच्या खांबांवर उभी, खाली एक ओबडधोबड कट्टा. कट्ट्याच्या एका कोपऱ्यात फोन ठेवला की नेट चालतं, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला की चालत नाही. चढण फार नाही, दहा मिनिटांची असेल. पण घरचा सकाळचा स्वयंपाक, आत्यांचं लघवीचं भांडं, अंघोळ, कपडे बदलणं हे सगळं उरकून चढायचं असलं की ती दहा मिनिटंही लांब वाटतात.

पहिल्या महिन्यांत बॅटरी तीन तास पुरायची. सकाळी एकदा गेलं की काम बरंचसं आटपायचं. मग अडीच तास झाले. मग दोन. दिवाळीपर्यंत असं झालं, की वर जाऊन बसावं, दोन फाइली कराव्यात आणि लॅपटॉपनं पडदा काळा करून टाकावा. खाली यायचं, चार्जिंगला लावायचं, तोवर जेवण, आत्यांची औषधं, भांडी. भरली की पुन्हा वर. कधी कधी संध्याकाळी तिसऱ्यांदा. जितकी बॅटरी कमी, तितक्या खेपा जास्त. रात्री पाय चेपत बसले की नवरा म्हणायचा, "मी एक दिवस जाऊन नवी बॅटरी बघून येतो." मी म्हणायचे, "बघा." मग जीपचंच काहीतरी निघायचं आणि ते राहून जायचं.

एकदा तो खरंच संगमनेरला लॅपटॉप घेऊन गेला. दुकानदारानं उघडून पाहिला, आतला पंखा धुळीनं भरला होता तो साफ करून दिला. बॅटरीचं विचारल्यावर म्हणाला, या मॉडेलची कंपनीची बॅटरी येणं बंद झालंय, बाहेरची मिळेल पण चांगली मिळायला वेळ लागेल, ऑर्डर टाकून ठेवतो. तोवर आहे ती सांभाळून वापरा.

सांभाळून वापरायची म्हणजे काय, हे मी टाकीखाली बसून शोधलं, तेही उरलेली बॅटरी खर्च करून. वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगत होते. कंपनीतली एक जण म्हणाली, महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आण. वाचलं तर निघालं उलटंच. या बॅटऱ्यांना पूर्ण रिकामं होणं सोसत नाही आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहणंही सोसत नाही. वीसच्या खाली जाऊ देऊ नये, ऐंशीच्या वर शक्यतो नेऊ नये. आणि उष्णता सगळ्यात वाईट. संगमनेरला मी काय केलं होतं ते तेव्हा कळलं. वर्षानुवर्षं शंभरावर ठेवून, उन्हाच्या खिडकीशी, मऊ गादीवर.

मग मी एकेक बदल केले. लॅपटॉप सुरू झाला की आपोआप चालू होणारं जे जे होतं ते बंद केलं. कळांखालचा उजेड बंद. कंपनीच्या पानाशिवाय दुसरं काहीच उघडायचं नाही. फोन तारेनं जोडला की तो लॅपटॉपचीच बॅटरी पिऊन स्वतः भरतो, म्हणून तार काढली आणि वायफायवर घेतलं. दोन फाइलींच्या मधे उठायचं असलं की झाकण लावून झोपवायचा. घरातला एक जुना लाकडी पाट वर नेऊन ठेवला आणि लॅपटॉप त्यावर, म्हणजे खालून हवा खेळती राहील. सगळ्यात जास्त फरक पडला तो पडद्याचा उजेड कमी केल्यानं. पण बाहेरच्या उजेडात तो मंद पडदा दिसेना. मग नवऱ्याची काळी छत्री उघडी करून मी खांबाला टेकवायचे आणि तिच्या आत डोकं घालून बसायचे. टाकीवर पाणी सोडायला येणारा माणूस पहिल्या दिवशी दचकला. नंतर त्याला सवय झाली. तो व्हॉल्व फिरवून जाताना नुसता खाकरायचा, म्हणजे आपण आहोत हे मला कळावं.

दोन तासांच्या जागी पुन्हा सव्वादोन-अडीच तास मिळू लागले. फार नव्हे. पण तिसरी खेप वाचली.

अडचण चार्जिंगची होती. नव्या लॅपटॉपमध्ये म्हणे ऐंशीला थांबायची सोय असते, माझ्यात नव्हती. कोणीतरी लक्ष ठेवून प्लग काढायला हवा. घरातलं भरवशाचं बटण एकच, आत्यांच्या खाटेच्या उशाशी. बाकीच्या बटणांतून ठिणग्या उडायच्या. मी लॅपटॉप लावून भातखाचरात नाहीतर नळावर जायचे आणि परत येईपर्यंत शंभर झालेलं असायचं. एक दिवस मी आत्यांना म्हटलं, "आत्या, एवढं कराल का? इथे ऐंशी दिसलं की ही पिन ओढायची."

आत्या चौथी शिकलेल्या. आकडे त्यांना चांगले वाचता येतात. मी लॅपटॉपवर असं काहीतरी टाकलं, की बॅटरीचा आकडा पडद्याच्या मधोमध मोठा दिसेल. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं, पन शंबर भरतंय तर ऐंशीलाच का काढायचं? भरल्या ताटावरून उठवल्यावानी."

"पूर्ण भरलं की लवकर म्हातारी होते बॅटरी."

"आसं व्हय?" त्या जरा वेळ बघत राहिल्या. "मंग राहू दे. मी बघते."

त्या दिवसापासून ते काम त्यांचं झालं. मी मागच्या दारी असले की आतून हाक यायची, "बावन्न झालं गं!" मी म्हणायचे, "ऐंशीला सांगा आत्या." जरा वेळानं, "एकसष्ट!" त्यांना राहवायचंच नाही. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या बाईला काहीतरी पुढे सरकताना दिसत होतं. शेजारच्या बायका भेटायला आल्या की त्या पडद्याकडे बोट करून सांगायच्या, "हे आमच्या सूनबाईचं मशिन. ह्याला जास्ती भरू द्यायचं नसतंय. म्हातारं व्हतंय." ऐंशी झालं की खाटेच्या कडेला सरकून, कण्हत, हात लांबवून पिन ओढायच्या आणि ओरडायच्या, "काढलं बरं का!"

खरं सांगायचं तर त्याआधी आम्हा दोघींत बोलणं फारसं नव्हतं. मी त्यांचं सगळं करत होते आणि त्या करून घेत होत्या. दोघींनाही त्याचा कंटाळा आला होता. मी पाठ वळवली की त्या उसासा सोडायच्या, त्यांनी भांडं मागितलं की माझ्या तोंडून तो निघायचा. बॅटरीच्या आकड्यांमुळे निदान दिवसातून दहा-बारा वाक्यं तरी वाढली.

उन्हाळ्यात टाकीखाली बसणं अवघड झालं. सिमेंट तापायचं, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागायचा. मी पहाटेच वर जाऊ लागले आणि ऊन चढायच्या आत उतरू लागले. पावसाळ्यात वाऱ्यानं तिरका पाऊस आत यायचा. तेव्हा पाटावर लॅपटॉप, त्यावर छत्री, माझ्या पाठीवर इरलं आणि कानात कुठल्या तरी सभेतल्या माणसाचा आवाज, "आपल्या भागाचा विकास." मी टाइप करायचे: आपल्या भागाचा विकास.

श्रावण संपून भादवा लागला होता. दोन दिवस लाइट नव्हती. नवऱ्यानं लॅपटॉप जीपमधून राजूरला नेऊन तिथल्या मित्राच्या गॅरेजवर चार्ज करून आणला होता, तेवढ्यावर मी सकाळची एक खेप केली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली. आत्यांच्या गोळ्या संपल्या होत्या, नवरा जेवायला आला होता आणि लगेच राजूरला परत जाणार होता. मी म्हटलं, मीही येते, औषधं आणि किराणा दोन्ही होईल. लॅपटॉप स्टुलावर चार्जिंगला लावला. आत्यांना म्हटलं, "तासाभरात येते. ऐंशीला काढा."

"जा तू. मी हाय."

राजूरला दुकान बंद होतं, ते उघडायची वाट बघितली. येताना रस्त्यावर दरडीची माती आली होती, ती बाजूला होईपर्यंत जीप थांबली. दोन-अडीच तास तरी गेले असतील. घरात शिरले तर आत्या झोपल्या होत्या. त्यांच्या अंगावर गोधडी नव्हती. लॅपटॉप कुठे दिसेना. मग पाहिलं तर स्टुलावर गोधडीचा ढीग होता. दुहेरी घडी घालून नीट पांघरलेली.

गोधडी उचलली तर आतून वाफ आल्यासारखं झालं. लॅपटॉप इतका गरम होता की मी हात मागे घेतला. पिन लावलेलीच होती. शंभर.

मी प्लग काढला, लॅपटॉप बंद केला आणि घरातल्या दुसऱ्या पाटावर ठेवून दाराशी वाऱ्याला नेला. आवाजानं आत्या जाग्या झाल्या. त्यांनी आधी वर छताकडे पाहिलं. कौलांतून एक थेंब नेमका स्टुलाच्या वर लोंबत होता.

"गळाय लागलं गं," त्या म्हणाल्या. "तुज्या मशिनवर थेंब पडाय लागले. मला उठून सरकवता येईना. स्टुलापत्तूर हात पुरत हुता, म्हनून पांघरून टाकलं. मंग आकडा दिसंना. म्हनलं, उलीसं थांबून बघू. तेवढ्यात गोळीनं डोळा लागला."

रागावण्याएवढीही ताकद नव्हती. पिशवी भिंतीशी ठेवली आणि उंबऱ्यावर बसून राहिले. नवरा मागून आला, लॅपटॉपकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं आणि स्टूल उचलून थेंबाखाली पातेलं ठेवलं.

"बिघाडलं का?" आत्यांनी विचारलं.

"थंड झाल्यावर बघू," मी म्हटलं.

संध्याकाळी सुरू केला तर चालला. मला हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी टाकीखाली बसले तेव्हा बॅटरीनं तासाभरातच मान टाकली. चौथ्या-पाचव्या दिवशी माउससाठी बोट फिरवतो तो चौकोन एका बाजूनं वर उचललेला वाटला. पाटावर ठेवला तर लॅपटॉप डुगडुगायला लागला. पालथा करून पाहिलं तर खालचं झाकण पोटासारखं फुगलं होतं.

याबद्दल मी वाचलेलं होतं. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. मी लॅपटॉप बंद केला आणि पडवीत, घरातल्या लाकूड-कापडापासून लांब, फरशीवर ठेवला. आत्या दारातून दिसणाऱ्या त्या काळ्या चौकोनाकडे बघत होत्या.

"माज्यामुळं झालं ना?"

"नाही आत्या. ती जुनीच झाली होती. आज ना उद्या फुगलीच असती."

हे खरंच होतं. गोधडीनं फक्त घाई केली. पण त्यांना ते पटलं नाही. रात्री त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली आणि ताट बाजूला सारलं. मीही आग्रह केला नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की उद्याच्या फाइलींचं काय करायचं.

सकाळी नवरा लॅपटॉप संगमनेरला घेऊन गेला. दुकानदारानं बॅटरी काढून घेतली. नवी अजून आली नव्हती. बॅटरीशिवायही लॅपटॉप चालतो, पण प्लगला लावूनच. म्हणजे टाकीखाली जायचा प्रश्नच मिटला. राजूरच्या गॅरेजवाल्या मित्राचं घर गॅरेजच्या मागेच होतं. तिथे रेंजही होती आणि लाइटही. त्याची बायको म्हणाली, "भाभी, आमच्याकडे येऊन बसा की. माझी शिवणाची मशीन असते त्या खोलीत टेबल आहे." ती दिवसभर कपडे शिवायची. मी नवऱ्याच्या पहिल्या फेरीबरोबर जायचं आणि दुपारच्या फेरीनं परत यायचं, असं ठरलं.

पण मग आत्यांचं काय? सकाळपासून दुपारपर्यंत घरात त्या एकट्या. शेजारीण मधूनमधून डोकावेल म्हणाली होती, पण भाताचे दिवस, तिलाही शेत होतं. मी कंपनीला सुट्टी मागावी की काम सोडावं, असा विचार करत चुलीपुढे बसले होते.

तेव्हा आतून आत्या म्हणाल्या, "ते वॉकर आन गं इकडं."

मला वाटलं, अंथरुणाला अडतंय म्हणून बाजूला करायला सांगतायत. मी आणला. त्या खाटेवरून पाय खाली सोडून बसल्या होत्या. तोंड घट्ट मिटलेलं. दोन्ही हातांनी वॉकर धरला आणि म्हणाल्या, "मागं उबी राहा. पन धरू नको."

त्या उठल्या. पाय थरथरत होता. पहिल्यांदा लगेच खाली बसल्या. दुसऱ्यांदा उभ्या राहिल्या आणि वॉकर एवढासा पुढे सरकवला. कपाळावर घाम आला होता.

"त्या दिवशी उठता आलं असतं, तर मशिन उचलून कोरड्यात ठेवलं असतं," त्या म्हणाल्या. "नुसतं पडून बघत बसावं लागलं. ते लई वाईट, बाई."

त्या दिवशी त्या खाटेपासून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. रात्री पाय दुखला म्हणून कण्हल्या. मी तेल लावलं. सकाळी पुन्हा वॉकर मागितला.

मी राजूरला जाऊ लागले. घरात त्यांच्या हाताशी पाणी, भाकरी, गोळ्या ठेवायचे. त्यांना न्हाणीघरापर्यंत एकटीनं जाता येईल म्हणून नवऱ्यानं मधला उंबरा काढून टाकला आणि भिंतीला एक बांबू आडवा ठोकला, धरायला. पहिले काही दिवस शिवणाच्या खोलीत बसून माझं लक्ष टायपिंगमध्ये कमी आणि फोनमध्ये जास्त असायचं. घरी रेंज नाही, फोन येणार नाही, हे माहीत असूनही मी फोन बघायचे. मशीन थांबवून ती बाई विचारायची, "आला का फोन?" मग तिलाच आठवायचं आणि ती पुन्हा मशीन चालू करायची. तिच्या मशीनच्या आवाजात रेकॉर्डिंग नीट ऐकू येत नव्हतं, पण घर तिचं, काम तिचं. मी आवाज वाढवून घेतला. दुपारी ती मला चहा द्यायची आणि स्वतःही पाठ टेकायची. आम्ही दोघी न बोलता चहा प्यायचो. थकलेल्या बाईला थकलेल्या बाईशी फार बोलावं लागत नाही.

घरी आले की आत्या कुठे असतील याचा अंदाज नसायचा. एकदा ओट्यावर बसलेल्या सापडल्या, लसूण सोलत. एकदा न्हाणीत साबण हातातून निसटून खाली पडला आणि वाकता येईना म्हणून तशाच भिंतीला धरून उभ्या होत्या, किती वेळ ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी त्यांना बाहेर आणलं तेव्हा त्या रडल्या, मग मला म्हणाल्या, "माज्या पोराला सांगू नको. उद्या जायचं बंद करील तुजं."

दसऱ्याच्या सुमारास बॅटरी आली. नवरा बसवूनच घेऊन आला. पहिल्यांदा चालू केला, उजेड कमी केला, बाकीचं सगळं आधीसारखंच ठेवलं आणि टाकीखाली जाऊन बसले. चार तास झाले तरी बॅटरी संपेना. मला खरं वाटेना. छत्रीत डोकं घालून मी काम करत राहिले आणि खाली आले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. आत्यांनी स्वतः भात वाढून घेतला होता. माझ्यासाठी झाकून ठेवला होता.

मला वाटलं होतं, आता एका खेपेत काम संपेल आणि दुपार मोकळी मिळेल. आठवडाभर तसं झालंही. मग कंपनीतून फोन आला. माझं काम बघणारी तिथली मुलगी चांगली आहे, माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणते.

"ताई, आता तुम्ही सलग ऑनलाइन दिसताय. खूप छान. बॅटरीचा प्रॉब्लेम मिटला का?"

"मिटला."

"मग रोजच्या फाइली जरा वाढवून देऊ का? दुपारी पण बसता येईल ना तुम्हाला?"

मी हो म्हणाले. सवयीनं म्हणाले. दोन आठवडे दुपारीही वर जाऊन बसले. भात कापणीला आला होता, नवरा एकटाच माणसं लावून कापून घेत होता. संध्याकाळी खाली उतरताना माझे गुडघे इतके दुखायचे की टाकीवाला माणूस म्हणाला, "वहिनी, काठी देऊ का?" मी हसले. घरी आले तर आत्या वॉकर घेऊन दारात उभ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "माजा खुबा मोडला म्हनून मी आशी चालते. तुला काय झालं?"

मी चुलीपाशी गेले, तर चूल पेटलेली होती. बसूनच त्यांनी भाकरी थापल्या होत्या, वाकड्या, जाड, एक करपलेली.

दुसऱ्या दिवशी वर गेल्या गेल्या मी आधी फोन लावला. पुण्याच्या त्या मुलीला म्हटलं, "मला दुपारचं जमणार नाही. एक वाजेपर्यंत मी आहे. नंतर नाही."

"पण ताई, मागच्या आठवड्यात तर जमलं तुम्हाला."

"जमलं. पण पुढे नाही जमायचं."

"बॅटरी परत...?"

तिनं मला कारण दिलं होतं, नुसतं हो म्हटलं असतं तर पुरलं असतं. टाकीखालून खाली आमचं घर दिसत होतं, कौलं, आणि मागच्या बाजूला वाळत घातलेली आत्यांची साडी. मी म्हटलं, "बॅटरी चांगली आहे. मी दमते."

ती म्हणाली, "ठीक आहे ताई. बघते मी. फाइली कमी येतील मात्र."

"येऊ दे."

फोन ठेवल्यावर भीती वाटली. मग फाइल उघडली आणि टाइप करायला लागले. त्यात कोणीतरी खतांबद्दल बोलत होतं, मधेमधे कुत्रं भुंकत होतं. एक वाजता उठले, लॅपटॉप पिशवीत टाकला, छत्री मिटली आणि उतरले. जेवले. आत्यांच्या पायाला तेल लावलं, त्यांनी पाय वर-खाली करायचा व्यायाम केला, आकडे मोठ्यानं मोजत. मग मी त्यांच्याच खाटेशेजारी चटई टाकली आणि जरा आडवी झाले.

कधी डोळा लागला कळलं नाही. मधेच अर्धवट जाग आली तेव्हा दारात नवऱ्याचा आवाज होता, जीपची कुठलीशी किल्ली विचारत होता. आत्या म्हणत होत्या, "खुंटीला आसंल, बघ. आनि चपला वाजवू नको. झोपू दे तिला."

मी कुशीवर वळले.